लिनक्ससाठी डिस्कची वाटणी कशी करावी? (५१२ जीबी, सोबत विंडोज ११ ठेवायचं आहे)

कंपोझर_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत डीटीपीचं काम करतो: पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. नवा लॅपटॉप घेतलाय. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅम, विंडोज ११ आधीपासून टाकलेलं. विंडोज काढता येणार नाही, कारण माझं कित्येक वर्षांचं काम श्रीलिपी आणि पेजमेकरमध्ये आहे आणि गिऱ्हाईक आजही जुनी फाइल उघडून दुरुस्ती मागतं. पण नवी पुस्तकं मला युनिकोडमध्ये, स्क्रायबस आणि लिबरऑफिसवर करायची आहेत. शिवाय पायथन शिकतोय. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं स्वतःचं कन्व्हर्टर लिहायचं मनात आहे. म्हणून लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक तयार प्रकार) टाकायचं आहे.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये आत्ता असं दिसतं: ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं पार्टिशन) २६० एमबी, मग सी ड्राइव्ह साधारण ४७५ जीबी (त्यातलं १४० वापरलेलं), शेवटी रिकव्हरी १ जीबी. सी वर छोटं कुलूप दिसतं.

एका जुन्या पुस्तकावरून हा बेत केला आहे: बूट ५०० एमबी, रूट (मूळ सिस्टीम) २० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) ३२ जीबी (रॅमच्या दुप्पट), व्हार (सिस्टीमचा सतत बदलणारा डेटा) १० जीबी, टेम्प (तात्पुरत्या फायली) ५ जीबी, उरलेलं सगळं होम (माझ्या स्वतःच्या फायली). बरोबर आहे का? हात लावण्याआधी जाणत्यांचं मत हवंय.

तळेगावकर

तो बेत सर्व्हरच्या जमान्यातला आहे, साहेब. घरच्या लॅपटॉपवर व्हार आणि टेम्प वेगळे काढायचं काहीच कारण नाही. माझं मत सरळ आहे: लिनक्सला एकच पार्टिशन द्या, एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) करा, त्यातच होम राहू दे. तुकडे जितके जास्त तितकी एकीकडे जागा पडून आणि दुसरीकडे टंचाई. रूट २० जीबी तर अजिबात नको. मिंटवाले स्वतः किमान २० सांगतात, पण शिफारस १०० ची करतात.

अनघा_नाशिक

तळेगावकर काकांशी अर्धी सहमत. रूट २० नको हे शंभर टक्के. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांचं रूट कशाने भरतं ते रोज बघते: फ्लॅटपॅक (ॲप टाकायची सोय) सगळं व्हारखाली ठेवतं, डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या खोक्यात चालवणाऱ्या साधनाच्या) इमेज व्हारखाली, टाइमशिफ्टचे (सिस्टीमचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामचे) स्नॅपशॉट मुद्दाम दुसरी जागा दिली नाही तर रूटच्याच पार्टिशनवर. म्हणजे व्हार वेगळं काढून १० जीबी दिलं तर तेच आधी तुंबणार.

पण होम मात्र वेगळं ठेवावं असं मला वाटतं. उद्या मिंट सोडून फेडोरा किंवा डेबियन बघावंसं वाटलं तर रूट पुसायचं, होमला हात लावायचा नाही. इन्स्टॉलरमध्ये होमच्या ओळीवर माउंट पॉइंट निवडायचा, 'फॉरमॅट' ची खूण करायची नाही, बस्स. या तिन्हींत पहिल्या युजरचा नंबर १००० पासूनच सुरू होतो, त्यामुळे फायलींची मालकीही जुळते.

तळेगावकर

अनघाताई, त्यासाठी वेगळं पार्टिशन लागतंच असं नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये रूट फॉरमॅट न करता पुन्हा इन्स्टॉल केलं तर तो सिस्टीमचे फोल्डर साफ करतो, होम फोल्डर ठेवतो. एक मान्य करतो: डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलताना या सोयीवर विसंबणं धोक्याचं, कारण प्रत्येक इन्स्टॉलर तसं वागत नाही.

गडवाट

कंपोझरसाहेब, आकड्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, मग आकडे आपोआप सुचतील. यातले कुठले निर्णय नंतर सहज बदलता येतात आणि कुठले बदलताना घाम फुटतो, हे वेगळं करा. आज विचार करायचा तो फक्त दुसऱ्या प्रकाराचा.

स्वॅप हा पहिल्या प्रकारातला. आज मिंट, उबुंटू स्वॅपफाइल वापरतात. रूटमधली एक साधी फाइल, कमी पडली तर मोठी करा, नको झाली तर काढा. उबुंटूने १७.०४ पासूनच हा रिवाज धरला. रॅमच्या दुप्पट स्वॅप हा नियम रॅम एमबीत मोजायचे तेव्हाचा. १६ जीबी रॅमवर स्क्रायबस आणि ब्राउझर चालवायला ४ ते ८ जीबीची स्वॅपफाइल पुष्कळ झाली. मोठा स्वॅप लागतो तो हायबरनेटसाठी, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करायला. पण सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर उबुंटूचा कर्नल (सिस्टीमचा गाभा), आणि म्हणून मिंटचाही, हायबरनेट करूच देत नाही. तुम्ही विंडोजसोबत राहणार, सिक्युअर बूट चालूच ठेवणार. तेव्हा ३२ जीबीचं ते पार्टिशन यादीतून काढा.

वेगळं बूटही नको. ते लागतं रूट एनक्रिप्ट करता तेव्हा.

आता दुसरा प्रकार. पार्टिशनची जागा आणि क्रम. पार्टिशन उजवीकडे, म्हणजे डिस्कच्या शेवटाच्या बाजूला, वाढवणं सोपं. पलीकडे मोकळी जागा असली की जीपार्टेडमध्ये (लिनक्सचा पार्टिशन बदलायचा प्रोग्राम) काही क्षणांचं काम, आणि एक्स्ट४ तर चालू असतानाही वाढतं. डावीकडे वाढवायचं म्हणजे आतला सगळा डेटा उचलून अलीकडे आणायचा. शंभर जीबी असेल तर शंभर जीबी हलणार, आणि मध्येच वीज-बॅटरी गेली तर ते पार्टिशन हातचं जाऊ शकतं. चाळीतल्या खोलीसारखं आहे: शेजारची रिकामी असेल तर मधली भिंत पाडून मोठी करता येते, पण आख्खं बिऱ्हाड खोलीसकट सरकवता येत नाही.

म्हणून कुठलं पार्टिशन आधी, कुठलं नंतर आणि मोकळी जागा कुठे सोडायची, हा तुमचा खरा प्रश्न. सगळी डिस्क पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका.

तिसरी गोष्ट, ते कुलूप. त्याबद्दल आजच हालचाल करा. ते डिव्हाइस एनक्रिप्शन आहे, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकरच. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की, होम आवृत्तीतही ते आपसूक चालू होतं. अनेकांना पत्ताही नसतो. बूटच्या रचनेत किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. कागदावर लिहा, छापा, आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरात ठेवा. मग इन्स्टॉलच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

कंपोझर_सांगली

गडवाट, फार आभार. की सापडली, छापली. आता एकच शंका: सी ड्राइव्ह लहान कुठून करू, विंडोजमधून की मिंटच्या पेनड्राइव्हवरून जीपार्टेडने?

गडवाट

विंडोजमधूनच. बिटलॉकर लावलेलं पार्टिशन जीपार्टेडला लहान करता येत नाही. आणि ते नसतं तरी एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) विंडोजच्या हातूनच कापून घ्यावं असं माझं मत आहे.

ईएफआय आणि सी यांच्या मध्ये १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड पार्टिशन असतं. डिस्क मॅनेजमेंट ते दाखवत नाही, मिंटचा इन्स्टॉलर दाखवेल. फाइल सिस्टीम काहीच नाही म्हणून 'हे काय फालतू' म्हणून उडवू नका. शेवटचं रिकव्हरीही जसं आहे तसं ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हे विंडोज अपडेट असंख्य मशीनवर अडकलं ते याच पार्टिशनमध्ये मोकळी जागा कमी होती म्हणून. मायक्रोसॉफ्टला तेव्हा ते २५० एमबीने वाढवायच्या सूचना छापाव्या लागल्या. तुमचं १ जीबी आहे, उत्तम आहे.

निशाचर

उशिरा आलो, पण एलव्हीएमचा (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) विषय कुणीच काढला नाही? डावं-उजवं ही कटकटच राहत नाही. लिनक्सची सगळी जागा एका व्हॉल्यूम ग्रुपला द्यायची, त्यात रूट आणि होम हे लॉजिकल व्हॉल्यूम. जागा कुठून आली याच्याशी एक्स्ट४ ला देणंघेणं नसतं. रूट भरलं की दोन कमांडमध्ये वाढतं, मशीन बंदही करावं लागत नाही.

नाहीतर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम. फेडोरा वर्कस्टेशनने ऑक्टोबर २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, तेच डिफॉल्ट केलं. रूट आणि होम हे एकाच पार्टिशनमधले दोन सबव्हॉल्यूम, मोकळी जागा दोघांत सामायिक. तळेगावकर काकांचं एकच पार्टिशनही झालं आणि अनघाताईंचं वेगळं होमही झालं. टाइमशिफ्टचे स्नॅपशॉटही क्षणात होतात.

अनघा_नाशिक

निशाचर, बीटीआरएफएसचा मुद्दा पटतो, मी स्वतः वापरते. पण विंडोज शेजारी ठेवून एलव्हीएम करायचं तर मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये सोपी वाट नाही. एलव्हीएम आणि एनक्रिप्शनच्या तयार खुणा 'पूर्ण डिस्क पुसा' या पर्यायाखाली मिळतात, आणि त्या पर्यायाकडे तर दादांनी बोटही नेऊ नये. हाताने करता येतं, पण पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्या माणसाला टर्मिनलमधून व्हॉल्यूम ग्रुप करायला लावणं मला योग्य वाटत नाही. काही बिघडलं तर तो एकटा पडतो. साधं एक्स्ट४ असेल तर कुठल्याही लाइव्ह पेनड्राइव्हने उघडतं, कुठल्याही गावातला जाणकार मदत करू शकतो.

निशाचर

हे मान्य. पहिल्या इन्स्टॉलला एक्स्ट४. फक्त एक्सएफएस ही फाइल सिस्टीम निवडू नका, ते वाढतं पण लहान करता येत नाही.

कंपोझर_सांगली

अडलो. सी वर उजवी क्लिक करून श्रिंक (लहान) केलं, तर विंडोज फक्त १०८ जीबी सोडायला तयार आहे. वापरलेलं १४० आणि रिकामं ३३५ असताना असं का?

गडवाट

कारण सी च्या मधोमध कुठेतरी न हलणारी फाइल बसली आहे. विंडोज त्या फाइलच्या अलीकडे कापू शकत नाही, मग आजूबाजूला कितीही मोकळं रान असो. कुठली फाइल आहे तेही समजतं: इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या ॲप्लिकेशनमध्ये जा, डीफ्रॅगची २५९ क्रमांकाची नोंद शोधा. तुम्ही श्रिंकचा प्रयत्न केल्यावर ती पडली असेल. 'शेवटची न हलणारी फाइल' म्हणून नाव लिहिलेलं असतं.

बहुतेक वेळा ती तीनांपैकी एक निघते: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) किंवा सिस्टीम रिस्टोरचे साठवलेले बिंदू. तिन्ही तात्पुरती बंद करा. हायबरनेशन ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीने, पेजफाइल ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमधून, रिस्टोर सिस्टीम प्रोटेक्शनमधून. रीस्टार्ट करा, मग श्रिंक. नंतर पेजफाइल आणि रिस्टोर पुन्हा चालू करा.

हायबरनेशन मात्र बंदच राहू दे, कारण त्यासोबत फास्ट स्टार्टअपही जातं. एका दगडात दोन पक्षी. फास्ट स्टार्टअप चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज खरं बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडं राहतं. मग लिनक्स ते एकतर फक्त वाचायला देतं किंवा माउंटच करत नाही. दोन्हीकडून वापरायचं पार्टिशन ठेवणार असाल तर हे बंद हवंच.

कंपोझर_सांगली

नोंद सापडली, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमधली फाइल होती, म्हणजे रिस्टोरची. तिन्ही बंद केल्यावर विंडोज ३०० च्या वर सोडायला तयार झालं. मी २६० घेतले, सी ला २१५ ठेवले.

आता वाटणी. पुस्तकांच्या फायली (पेजमेकर, पीडीएफ, स्कॅन) विंडोज आणि मिंट दोन्हीकडून लागतात. त्या होममध्ये ठेवल्या तर विंडोजला दिसणार नाहीत ना?

अनघा_नाशिक

नाही दिसणार, विंडोज एक्स्ट४ आपणहून वाचत नाही. उलट बाजूने मिंट सी वाचू शकेल, कुलूप असेल तर रिकव्हरी की विचारेल. पण सी मध्ये लिनक्समधून रोज लिहायची सवय नको. सी च्या लगेच पुढे एक एनटीएफएस डेटा पार्टिशन करा, ५० जीबीचं. विंडोजमध्येच फॉरमॅट करा आणि त्याला एनक्रिप्शन लागलेलं नाही ना, तेवढं बघा. कर्नलमध्ये ५.१५ पासून एनटीएफएसचा स्वतःचा लिहू शकणारा ड्रायव्हर आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

फक्त फायली तिथे ठेवा, प्रोग्राम नको. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, गिटची रेपो, हे होममध्येच. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) नीट नांदत नाहीत. आणि फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह नको, मिंटने लिहू दिलं तरी विंडोजला ती फाइल उघडणार नाही. मराठी नावांना अडचण नाही, देवनागरी दोन्हीकडे सारखंच दिसतं.

गडवाट

छान. मग २६० ची मांडणी मी अशी करेन, सी पासून उजवीकडे जात: डेटा ५०, रूट ८०, मोकळे ४०, होम ९०, आणि शेवटी जुनं रिकव्हरी.

मोकळे ४० रूट आणि होमच्या मध्ये ठेवले ते विचारपूर्वक. रूट भरलं तर ते उजवीकडे त्या ४० मध्ये वाढेल. होम भरलं तर त्याला डावीकडे ओढायचं नाही. त्या ४० चं नवं एक्स्ट४ पार्टिशन करायचं आणि होममधल्याच एखाद्या फोल्डरवर माउंट करायचं, उदाहरणार्थ स्कॅनच्या फोल्डरवर. वापरताना फरक जाणवत नाही. तुमच्या मोठ्या फायली डेटावर जाणार, त्यामुळे आधी रूटच भरेल असा माझा अंदाज आहे.

इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडा. रूट: एक्स्ट४, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ, फॉरमॅट हो. होम: एक्स्ट४, फॉरमॅट हो (पहिल्यांदाच). जुनं २६० एमबीचं ईएफआय: 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' म्हणून वापरा, फॉरमॅट नाही. त्यात विंडोजचा बूटलोडर राहतो, ते पुसलं की विंडोज उठत नाही. २६० मध्ये मिंट आरामात मावतं, कारण तिथे फक्त शिम (सिक्युअर बूटमधून लिनक्सला वाट करून देणारा छोटा प्रोग्राम) आणि ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) यांच्या काही एमबीच्या फायली जातात, कर्नल रूटमध्ये असतात. पॉप ओएससारखी डिस्ट्रो कर्नल ईएफआयमध्येच ठेवते, तिला एवढं पुरत नाही.

पार्टिशनचे नंबर पाहून गोंधळू नका. तुमचं रिकव्हरी चौथं आहे. नवी पार्टिशनं डिस्कवर त्याच्या अलीकडे असली तरी नंबर पाच, सहा, सात घेतील. एफडिस्क ही पार्टिशनची कमांड 'नोंदी डिस्कच्या क्रमाने नाहीत' असं म्हणेल. त्याने काही बिघडत नाही. इन्स्टॉलरमध्ये नंबरावर जाऊ नका, प्रत्येक ओळीचा आकार आणि फाइल सिस्टीम पाहून मगच हात घाला. आणि विंडोज ४७६ म्हणतं, इन्स्टॉलर ५१२ हजार एमबी म्हणतो, त्यानेही दचकू नका: एक १०२४ ने मोजतो, दुसरा हजाराने. म्हणून तिथे ८० जीबी करताना ८५९०० एमबी लिहा.

हे सगळं करण्याआधी पेजमेकरच्या फायली बाहेरच्या डिस्कवर. गिऱ्हाइकाच्या पुस्तकाची एकच प्रत त्या लॅपटॉपमध्ये असेल तर आज रात्री इन्स्टॉल करू नका.

तळेगावकर

गडवाटांची मधली जागा आवडली. एकच पार्टिशनचा आग्रह मी इथे सोडतो, विंडोज आणि डेटा सोबत असताना ही मांडणी जास्त बरी.

निशाचर

एक पुरवणी: इन्स्टॉल झाल्यावर तो मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटची यादी बदलली आणि जुनं शिम असलेली बरीच ड्युअल बूट मशीनं लिनक्सला उठेनाशी झाली. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह हाताशी असलेला बरा.

कंपोझर_सांगली

झालं! बॅकअप घेऊन काल टाकलं. ग्रबमध्ये मिंट आणि विंडोज दोन्ही येतात, विंडोजने की मागितली नाही, बिटलॉकर पुन्हा चालू केलं. डेटा पार्टिशन दोन्हीकडून लिहितंय. स्क्रायबसमध्ये जोडाक्षरं व्यवस्थित बसलेली पाहून फार आनंद झाला.

दोन गोष्टी खटकल्या. मिंटमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. आणि ९० जीबीच्या होममध्ये एकही फाइल नसताना साधारण ८३ जीबीच मोकळे दिसतात.

अनघा_नाशिक

घड्याळाचं सोपं आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज ते स्थानिक वेळ म्हणून वाचतं, आणि भारतीय वेळ नेमकी साडेपाच तास पुढे. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला 'लोकल आरटीसी' (मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ) ठेवायला सांगा, दोघांचं जुळेल.

गडवाट

होमचं: एक्स्ट४ फॉरमॅट करताना पाच टक्के जागा रूट युजरसाठी (सिस्टीमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवतं, ९० वर साडेचार जीबी. बाकीची फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींत जाते. रूट पार्टिशनवर ही राखीव जागा कामाची आहे, डिस्क गच्च भरली तरी सिस्टीम लॉगिन करू देते, तिथे हात लावू नका. होमवर तिची गरज नाही. ट्यून२एफएस या कमांडने राखीव टक्केवारी १ करा, साडेतीन जीबीच्या वर परत मिळेल. चालू असतानाच होतं, रीबूट लागत नाही. फक्त कमांडमध्ये होमचंच पार्टिशन दिलंय ना, ते आधी एलएसबीएलकेने (पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) आकार पाहून खात्री करा.